खोट्या नोटांपासून खऱ्या तोट्यापर्यंत

मंडळी, धंदा वर्गात बसून शिकता येतो का, हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतल्या संस्थांनी त्याला दिलेली उत्तरं आज आपण ओळीनं पाहू.

पहिलं उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावचं. तिथं १८५९ साली हार्वी ईस्टमन यांनी व्यापारी कॉलेज काढलं. कॉलेजातच बँक, आणि नोटाही कॉलेजनंच छापलेल्या! मुलं त्यांवर देवघेव करत, वह्या लिहीत. हिशेब पक्का व्हायचा. पण नोट खोटी, म्हणून झोप कुणाची उडायची नाही.

दुसरं उत्तर बॉस्टनजवळचं. १९१९ मध्ये रॉजर बॅबसन यांनी आपली संस्था सुरू केली, तेव्हा विद्यार्थी होते अवघे २७. त्यांना स्वतंत्र टेबल, टेलिफोन, टाइपरायटर. शिवाय पत्रं टाइप करून द्यायला सेक्रेटरी. ऑफिस हुबेहूब उभं राहिलं. मात्र ते बुडण्याची भीती काही त्यात आली नाही.

मग महायुद्ध संपलं. १९४७ मध्ये हार्वर्डला मायल्स मेस यांनी नवा उद्योग कसा उभारावा, यावरच अभ्यासक्रम सुरू केला. १८८ विद्यार्थी आले. चालू कंपनीत अधिकारी होण्यापलीकडचं काही शिकवायला हवं, हे तिथं मान्य झालं.

पुढचं पाऊल १९९०च्या दशकात बॅबसननंच टाकलं. पहिल्याच वर्षाच्या मुलांचे गट पाडायचे, कॉलेजनं त्यांना खरं कर्ज द्यायचं, मुलांनी खऱ्या गिऱ्हाइकाला माल विकायचा. वर्षअखेर धंदा गुंडाळून कर्ज फेडायचं, नफा समाजकार्याला.

आता आपल्या शाळेतला आनंद मेळावा आठवा बरं. आपल्या भेळेच्या गाड्यावर नफा हमखास व्हायचा, कारण चुरमुरे, चिंचेची चटणी सगळं घरून यायचं! कर्ज फेडायचं म्हटलं की चटणीचीही किंमत मांडावी लागते. उरलेला माल, रुसलेला भागीदार, उधारी बुडवणारं गिऱ्हाईक, हे सगळं तेव्हाच कळतं.

अर्थात, अठरा वर्षांच्या पोरांवर घर गहाण टाकायची पाळी येऊ नये. तोटा खरा असावा, पण झेपेल एवढा. त्याची मर्यादा संस्थेनं आखून द्यावी. म्हणून कुठल्याही विद्यापीठात उद्योजकता केंद्राची पाटी दिसली, की आपण एवढंच विचारावं: इथं मुलांचा तोटा झाला, तर तो कुणाच्या वहीत लिहिला जातो?