मेश जाळ्यातील अँटेना : दिशिक व सर्वदिशिक

बिनतारी मेश जाळ्यात प्रत्येक केंद्र स्वतःचे संदेश पाठवते आणि शेजाऱ्यांचेही पुढे नेते. त्यामुळे अँटेना निवडताना पल्ल्याचा विचार नंतर करावा. या केंद्राचे शेजारी कोण आणि ते कायमचे ठरलेले आहेत का, हे आधी पाहावे.

अँटेना शक्ती निर्माण करत नाही, मिळालेली शक्ती कोणत्या बाजूला किती जावी एवढेच ठरवते. सर्वदिशिक अँटेना ती क्षितिजाच्या चहूबाजूंना सारखी देते. साध्या अर्धतरंगी द्विध्रुवाची लब्धी, म्हणजे एका दिशेला शक्ती एकवटण्याचे माप, २.१५ डीबीआय असते. ती वाढवायची तर लहरी वरून-खालून आवळून पातळ थरात आणाव्या लागतात. १२ डीबीआयच्या दांड्याचा उभा कोन जेमतेम ७ अंशांच्या आसपास उरतो. असा दांडा उंच इमारतीवर लावला, की दूरचे घर जोडले जाते आणि पायथ्याचे सुटते. नुसता डीबीआयचा आकडा पाहून खरेदी करणाऱ्यांची इथे हटकून फसगत होते.

यागी, पॅनेल, तबकडी हे दिशिक प्रकार. २.४ गिगाहर्ट्झवर २४ डीबीआयच्या जाळीदार तबकडीचा झोत सुमारे ८ अंशांचा असतो. मोकळ्या जागेत ६ डेसिबल वाढले की अंतर दुप्पट होते, शिवाय बाजूचा गोंगाटही कमी शिरतो. मात्र नेम अचूक धरावा लागतो आणि समोरचा मनोरा नुसता दिसून भागत नाही : ५ कि.मी.च्या दुव्यात मध्यावर रेषेभोवती सुमारे १२ मीटर त्रिज्येचा पहिला फ्रेनेल पट्टा असतो, आणि त्याचा बहुतेक भाग झाडा-इमारतींपासून मोकळा असावा लागतो. झोताबाहेरच्या केंद्राला चालू संभाषण ऐकू येत नाही, ते मध्येच बोलू लागते आणि संदेश आदळतात.

एमआयटीच्या संशोधकांनी केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे उभारलेले रूफनेट हे सर्वदिशिक पद्धतीचे अभ्यासण्याजोगे उदाहरण. २००५ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार ३७ केंद्रे सुमारे ४ चौ. कि.मी. भागात होती. स्वयंसेवकांनी ८ डीबीआयचे सर्वदिशिक अँटेना नेम न धरता आपापल्या घरांवर बसवले होते, फक्त तीन उंच इमारतींवर यागी होते. तरीही केंद्रा-केंद्रांतील सरासरी वेग सेकंदाला ६२७ किलोबिट मिळाला. प्रत्येकाला अनेक शेजारी ऐकू येत असल्याने मार्ग निवडायला वाव होता.

उत्तर भारतातील खेड्यांसाठी आयआयटी कानपूरने उलट वाट धरली : उंच मनोरे, त्यांवर एकमेकांकडे रोखलेले दिशिक अँटेना आणि अनेक किलोमीटरांचे दुवे. एकाच मनोऱ्यावरील एक रेडिओ बोलत असताना दुसरा त्याच वाहिनीवर ऐकू लागला, तर झोताच्या कडेने गळणारी शक्ती त्याला बधिर करते. भास्करन रामन व कामेश्वरी चेब्रोलू यांच्या '२पी' नियमाने यावर उपाय काढला : मनोऱ्यावरचे सारे रेडिओ एकाच वेळी बोलतात किंवा एकाच वेळी ऐकतात.

दाट वस्तीत, जिथे नवे शेजारी येत-जात राहतात, तिथे मध्यम लब्धीचा सर्वदिशिक अँटेना योग्य. ठरलेल्या दूरच्या दुव्यासाठी तबकडीच हवी, तीही स्वतंत्र रेडिओसह. मोठ्या जाळ्यात दोन्हींची सांगड घालणे हाच शहाणपणा.

कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर परवान्याविना अँटेनाच्या लब्धीसह ४ वॅट इतकीच परिणामी शक्ती चालते. २४ डीबीआयची तबकडी लावल्यास प्रक्षेपक सुमारे १६ मिलिवॅटपर्यंत उतरवावा लागतो. ग्रहणाच्या बाजूची लब्धी या हिशेबात धरली जात नाही.