जुनी देवळे आणि कायदा

जीर्णोद्धार समितीने या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहिण्याची आज्ञा केली. मी इतिहासाचा विद्वान नव्हे, तालुका कचेरीतला कारकून. दप्तर चाळायची सवय, म्हणून विषयही दप्तरातलाच घेतला आहे.

साऱ्या देशातील जुन्या वास्तूंसाठी प्राचीन स्मारकांचा कायदा झाला तो लॉर्ड कर्झनच्या अमदानीत, १९०४ साली. त्यात एक कलम मोठे समजूतदार होते. सरकारला जुनी वास्तू सक्तीने खरेदी करता येई. पण जेथे पूजाअर्चा चालू आहे, ती मात्र नाही. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली संसदेने नवा कायदा केला. किमान शंभर वर्षे जुनी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची ठरवायची, तर आधी राजपत्रात दोन महिन्यांची सूचना, तिची प्रत वास्तूजवळ ठळक जागी डकवायची, हरकती विचारात घ्यायच्या, मगच घोषणा. राज्याचा वेगळा कायदा १९६० चा. २०१० पासून केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आहे.

पुष्कळांना वाटते, सरकारी पाटी लागली की देव कुलुपात गेला. तसे नाही. अंबरनाथच्या शिवालयात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. ते केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, आणि महाशिवरात्रीची जत्राही तेथे भरते.

आपले देऊळ कोणत्याच यादीत नाही. "यादीत नाव नाही, मग बंधन कसले?" असे बैठकीत कोणी म्हणाले. कागदोपत्री ते खरेच आहे. पण मला आठवले ते वेगळेच. वीस वर्षांपूर्वी देवळाच्या रंगकामाची वर्गणी मीच दारोदार फिरून जमवली होती. डबा उरला म्हणून दीपमाळेजवळच्या वीरगळालाही ऑइलपेंट फासला. दगड छान दिसू लागला, सर्वांनी कौतुक केले. आत ओल कोंडत राहिली. यंदा तो रंग खरवडताना पापुद्र्याबरोबर वीराचा चेहराही निघून आला. गावासाठी कधीकाळी पडलेला माणूस. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते, आता तोंडही राहिले नाही. यासाठी मला कोणत्या कलमाखाली शिक्षा नाही.

पायाचे खोदकाम चालू असताना मात्र एक कायदा सर्वांना लागू आहे, तो १८७८ चा. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडल्यास कलेक्टरांना लेखी कळवावे लागते. मुकादमाला हे सांगून ठेवले आहे.

समितीने या खेपेस दोन्ही वीरगळ पिंपळाखाली ओट्यावर उभे केले, मापे घेतली, फोटो काढून नोंदवहीत चिकटवले. रंग लावलेला नाही. जुन्या सभामंडपाच्या खांबाचा एक नक्षीचा दगड कोणाच्या तरी परसात धुणे धुवायला आहे, असे ऐकतो. तो रात्री आणून ओट्यापाशी ठेवला तरी चालेल. नाव कोणी विचारणार नाही.