चालू चूक कोणती? एरर मेसेजवरच्या एका रंगीत पट्टीचा इतिहास

मागच्या वेळी आपण कंपायलर कसे जन्माला आले ते पाहिलं. आजचा विषय त्यामानाने फारच छोटा वाटेल. समजा, आपण एक प्रोग्रॅम कंपाइल केला आणि चाळीस चुका निघाल्या. स्क्रीनवर खालच्या बाजूला त्यांची यादी आली, वरच्या बाजूला आपला कोड आहे. आता एकेक चूक दुरुस्त करत जायचं. या यादीत आपण आत्ता नेमक्या कुठल्या ओळीवर आहोत, हे एडिटरने दाखवायचं की नाही? दाखवायचं तर कसं? प्रश्न एवढाच आहे. पण त्याच्या उत्तराला पन्नासहून जास्त वर्षं लागली आहेत, आणि ती का लागली हे बघण्यासारखं आहे.

सुरुवात पंचकार्डांपासून करू. फोरट्रान १९५७ साली आली. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे कार्डांचा गठ्ठा. तो काउंटरवर द्यायचा, मशिन तो आपल्या सवडीने वाचणार, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, हातात छापील कागद पडणार. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तोही याच पद्धतीचा. मशिनचा वेळ महाग होता, माणसाचा स्वस्त. त्यामुळे एका फेरीत जितक्या चुका सापडतील तितक्या सगळ्या छापून द्याव्यात, अशीच कंपायलरकडून अपेक्षा असे. एका चुकीसाठी पुन्हा एक दिवस कोण थांबणार?

त्या कागदावर ‘चालू चूक’ असं काही नव्हतं. कागदाच्या दृष्टीने सगळ्या चुका सारख्याच. चालू चूक कुठली, ते वाचणाऱ्याच्या बोटाला माहीत, किंवा त्याच्या पेन्सिलीला. झालेल्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची आणि पुढे जायचं. ही पेन्सिलची खूण लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

पुढे टर्मिनलं आली आणि माणूस मशिनसमोर बसला. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी १९६९ च्या सुमारास ‘एड’ नावाचा एडिटर लिहिला. त्याचा एरर मेसेज म्हणजे एक प्रश्नचिन्ह, बस्स. काय चुकलं ते तुमचं तुम्ही ओळखा. हे आज विनोदी वाटतं, पण टर्मिनल म्हणजे कागदावर टकटक छापणारं यंत्र होतं, एकेक अक्षर उमटायला वेळ लागे. कमी बोलणं हा तिथे शहाणपणाच होता.

यादी आणि कोड यांची गाठ घालायचे मग वेगवेगळे प्रयत्न झाले. बर्कलीच्या युनिक्समध्ये ‘एरर’ याच नावाची एक सोय होती. ती कंपायलरचे मेसेज उचलून थेट आपल्या कोडमध्येच, त्या त्या ओळीशेजारी, टिप्पणी म्हणून घालून ठेवायची. म्हणजे यादी वेगळी वाचायलाच नको.

१९८३ साली बोरलँड कंपनीचं टर्बो पास्कल आलं. त्याने अगदी उलटा रस्ता धरला. पहिली चूक दिसली की कंपायलर थांबायचा, एडिटर उघडायचा, आणि कर्सर थेट चुकीच्या जागी. यादीच नाही! हे शक्य झालं कारण तो कंपायलर विलक्षण वेगवान होता. पुन्हा कंपाइल करायला क्षणभर लागत असेल, तर चाळीस चुकांची यादी हवी कशाला? इथे आपल्याला एक सूत्र हाती लागतं: एका वेळी किती चुका दाखवायच्या, हे पुढची फेरी किती महाग आहे त्यावर ठरत आलं आहे.

पण मोठ्या प्रोग्रॅमना यादी लागतेच. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू ईमॅक्समध्ये १९८५ पासून एडिटरच्या आतूनच कंपायलर चालवता येतो, आणि ‘नेक्स्ट-एरर’ ही कमांड दिली की पुढच्या चुकीच्या जागी उडी मारता येते. तिकडे ब्राम मोलेनार यांच्या व्हिमने हीच गोष्ट ‘क्विकफिक्स’ नावाने दिली. तिची प्रेरणा अमिगा संगणकावरच्या अ‍ॅझटेक सी या कंपायलरची, हे व्हिमची माहितीपुस्तिकाच सांगते.

यात एक अडचण आहे बघा. कंपायलर सांगतो, ‘ओळ १२० वर चूक’. आपण ओळ ३० वर तीन नव्या ओळी घातल्या, की ती १२० वी ओळ १२३ वी होते. यादी मात्र जुनीच. म्हणून दोन्ही एडिटर आतल्या आत अदृश्य खुणा ठेवतात, त्या मजकुराबरोबर सरकतात. म्हणजे चुकीची जागा हरवू नये याची काळजी फार पूर्वीच घेतली गेली. वाचणाऱ्याची जागा हरवू नये, याची मात्र तेवढी घेतली गेली नाही.

आणि ती हरवते. एक अर्धविराम राहिला की त्यापायी दहा खोट्या चुका उगवतात, त्यांचे मेसेज जुळ्या भावांसारखे दिसतात. आपण कोडमध्ये पाच मिनिटं गुंततो, नजर खाली आणतो, आणि मघाशी कुठला मेसेज वाचत होतो ते आठवत नाही. मग चुकीच्या मेसेजवर विसंबून चांगली ओळ बिघडवली जाते. नुकसान इथे होतं.

ईमॅक्सने यावर डाव्या कडेच्या पट्टीत एक छोटा बाण दिला. अशी पट्टी नसेल, उदाहरणार्थ साध्या टर्मिनलवर, तर चालू मेसेज खिडकीच्या अगदी वरच्या ओळीवर सरकवायचा. दोन्ही उपाय चालतात, पण बाण कडेला आणि नजर मजकुरात. एप्रिल २०२२ मध्ये ईमॅक्स २८.१ आलं, तेव्हा कुठे चालू मेसेजची ओळच रंगवण्याची सोय मिळाली. नाव ‘नेक्स्ट-एरर-मेसेज-हायलाइट’. तीही आपोआप चालू होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करावी लागते. १९८५ ते २०२२, म्हणजे सदतीस वर्षं.

आता कुणी म्हणेल, आज याची गरज काय? २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला, आता कितीतरी एडिटर टाइप करतानाच चुकीखाली लाल नागमोडी रेघ ओढतात. खरं आहे. पण ती रेघ चूक कुठे आहे ते सांगते. चाळीस चुकांपैकी आपण कुठल्या चुकीवर आहोत, हे ती सांगत नाही. मोठा प्रोग्रॅम बांधताना, चाचण्या चालवताना, शेकडो फायलींत एखादा शब्द शोधताना याद्या येतच राहतात.

त्या ईमॅक्सच्या सोयीला दोन तऱ्हा आहेत. एकीत फक्त चालू मेसेज रंगतो, पुढे गेलो की मागचा पुसला जातो. दुसरीचं नाव ‘कीप’. तिच्यात आपण भेट दिलेला प्रत्येक मेसेज रंगलेलाच राहतो. म्हणजे काय, तर छापील कागदावरची पेन्सिलची खूण. कागद गेला तेव्हा बोटही गेलं आणि खूणही गेली, आणि स्क्रीनवर ती गरज कुणीतरी बोलून दाखवेपर्यंत इतका काळ जावा लागला. पुढच्या वेळी आपण एरर मेसेजची भाषा घेऊ: ते असे तुटक का लिहिले जातात, आणि कुणासाठी.