तरुण चलतारे आणि हौशी निरीक्षकांच्या नोंदी
नवजात ताऱ्याभोवतीच्या चकतीतील द्रव्य त्यावर अनियमितपणे कोसळते आणि तारा अकस्मात उजळतो. ही घटना केव्हा घडेल हे सांगता येत नसल्याने मोठ्या वेधशाळांना तिच्यावर अखंड लक्ष ठेवणे कठीण जाते. ही उणीव हौशी निरीक्षकांनी भरून काढल्याचे दिसते. २३ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात जे मॅकनील यांनी अवघ्या ३ इंची दुर्बिणीने मृग नक्षत्रातील एम ७८ जवळ एक अपरिचित तेजोमेघ टिपला. त्याला उजळविणारा तरुण तारा व्ही १६४७ ओरायनिस या नावाने ओळखला जातो. एव्हर्ड क्राइमर या हौशी छायाचित्रकाराच्या १९६६ मधील छायाचित्रातही हाच तेजोमेघ आढळला. त्यामुळे हा उद्रेक पहिला नव्हे, हे स्पष्ट झाले. पुढे मंदावलेला तारा २००८ मध्ये पुन्हा उजळला. छंद म्हणून घेतलेले, परंतु तारखेसह जपलेले छायाचित्र अशा प्रकारे शास्त्रीय पुरावा ठरले.