दान आणि सेवावृत्ती

आहार, औषध, ज्ञान व अभय या चतुर्विध दानाची परंपरा जैन समाजाने शतकानुशतके जपली आहे. धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ आणि वसतिगृहे उभी राहिली ती याच परंपरेतून. परंतु दान देणारे हात आणि त्या दानाचे रोजचे काम ओढणारे हात बहुधा वेगळेच राहिले. राजुरी-आळेफाटा परिसरातील व्यापारी कुटुंबातील मुलाने सेवा हेच आयुष्याचे काम करावयाचे ठरविले, तर घरातून पहिला प्रश्न येतो तो प्रपंचाचा. हा प्रश्न मुळीच गैर नाही. इतिहासातील थोरांनाही तो चुकला नव्हता.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या इतिहासातील हे पान लपविण्याचे कारण नाही. पुढे शिकवण्या करीत आणि ओगले, किर्लोस्कर यांच्या कारखान्यांचा माल खपवीत ते खेडोपाडी फिरले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. सेवकाच्या घराने भरलेली ही किंमत गौरवपर भाषणांत आदराने सांगितली जाते, परंतु पुढच्या सेवकाच्या घरावर ती पाळी येऊ नये, याचा विचार क्वचितच होतो.

नामदार गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करताना त्यावर एक उत्तर शोधले होते: निर्वाहापुरते वेतन घेऊन आयुष्य कार्याला वाहणारे सभासद. रयतमध्येही आजीव सेवकांची परंपरा निर्माण झाली. याच वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि वकिलीऐवजी संस्थेच्या कामास लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आंबेगावलगतच्या खेड तालुक्यातील चास-कमान येथे १९३७ मध्ये कटारिया कुटुंबात जन्मलेल्या कन्येने चौदाव्या वर्षी दीक्षा घेतली. त्याच पुढे आचार्य चंदनाजी झाल्या. उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने १९७३ मध्ये राजगीर येथे त्यांनी वीरायतन उभारले. साध्वींनी नेत्ररुग्णालयाचे व शिक्षणाचे काम चालवावे, हे परंपरेला नवे होते आणि त्यास विरोधही झाला. १९८७ मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले, २०२२ मध्ये पद्मश्री. २०२५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांचा मार्ग संन्यासाचा होता. सर्वांना तो झेपणारा नव्हे.

संसारी माणसासाठी तिसरा मार्ग आहे, तो प्रशिक्षणाचा. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था निघाली. हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था हे शिक्षण देत आहे. त्याची गरज ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर समाजाने जवळून पाहिली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. धान्य व कपडे चार दिवसांत गोळा होतात. पण आईवडील गमावलेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, हे शिकावे लागते आणि ते वर्षानुवर्षे करावे लागते.

सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, बालगृहातील समुपदेशक, दिव्यांगांच्या शाळेतील कार्यकर्ता ही आज पदवीधरांची पगारी कामे आहेत. पगार दुकानाच्या गल्ल्याशी बरोबरी करणारा नाही, हे खरे. विश्वस्त संस्थांच्या अंदाजपत्रकात इमारतीसाठी मोठी तरतूद असते आणि त्या इमारतीत काम करणाऱ्याच्या वेतनासाठी फारच थोडी, हेही तितकेच खरे.