अर्बुदाचा पुनरुद्भव की किरणजन्य ऊतिमृत्यू? : मेंदूच्या प्रतिमाचित्रणाचा ऐतिहासिक मागोवा

मेंदूतील अर्बुदावर किरणोपचार झाल्यानंतर काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, त्याच जागी चित्रात पुन्हा उजळ डाग दिसू लागतो. तो परतलेल्या अर्बुदाचा असल्यास उपचार बदलावे लागतात, प्रसंगी कवटी पुन्हा उघडावी लागते. किरणांमुळे तेथील ऊती मृत झाल्या असल्यास मात्र स्टिरॉइड देऊन वाट पाहणे बहुधा पुरेसे ठरते. हा भेद चित्रावरून करण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे सी.टी. चित्र घेतले. या चित्रात शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य रक्त व मेंदू यांमधील नैसर्गिक अडसर जेथे भंगला असेल तेथे झिरपते आणि ती जागा उजळते. परंतु हा अडसर अर्बुदामुळे भंगतो, तसाच किरणांमुळेही. १९८०च्या दशकात एम.आर.आय. व गॅडोलिनियम आले, चित्र कितीतरी रेखीव झाले. उजळण्याचे कारण मात्र तेच राहिले.

खरे वळण आले ते आकाराकडून चयापचयाकडे लक्ष गेल्यावर. कर्कपेशी ग्लुकोजचा विलक्षण वापर करतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखविले होते. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एफ.डी.जी. हे किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य प्रथम मानवास देण्यात आले. १९८२ मध्ये पॅट्रोनास, डी किरो व सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतून पेट चित्रणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : मृत ऊतीत हे द्रव्य साचत नाही, जिवंत अर्बुदात साचते. तर्क निर्दोष होता. अडचण मेंदूचीच होती. निरोगी करडा भागही ग्लुकोजचा मोठा ग्राहक असल्याने त्याच्या उजेडात लहान अर्बुद हरवून जाई. १९९८ मध्ये रिची व सहकाऱ्यांनी या पद्धतीच्या फेरमूल्यमापनाची वेळ आली आहे काय, असा प्रश्न शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला. निरोगी मेंदू अमिनो आम्ले तुलनेने कमी घेतो, म्हणून मिथिओनिन पुढे आले. पण त्यातील कार्बन-११चा अर्धायुकाल अवघा २० मिनिटांचा, त्यामुळे सायक्लोट्रॉन हाताशी नसलेल्या रुग्णालयांना ते दुर्लभच राहिले.

२००५ नंतर किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड देण्याची पद्धत रूढ झाली आणि उपचारानंतर लगेच गाठ वाढल्याचा भास अधिक दिसू लागला. या छद्मवाढीमुळे परिणामकारक औषध अकारण बंद होण्याचा धोका होता. २०१० च्या ‘रॅनो’ निकषांनी किरणोपचारानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत केवळ किरणक्षेत्रातील उजळपणावरून पुनरुद्भव ठरवू नये, असे सुचविले. यंत्राऐवजी येथे काळच निदानाचे साधन झाला, हे लक्षणीय होय.

अंतिम निकष म्हणून बायोप्सीकडे बोट दाखविले जाते. तथापि काढलेल्या तुकड्यात मृत ऊती व जिवंत अर्बुदपेशी पुष्कळदा शेजारीशेजारी आढळतात. अशा नमुन्यास कोणत्या रकान्यात टाकावयाचे, यावर प्रत्येक चित्रणपद्धतीच्या अचूकतेचे आकडे अवलंबून असतात.