तारण कोणाला मिळणार, हे देव आधीच ठरवतो का?

ख्रिस्ती धर्मात तारण, म्हणजे पापातून सुटका, ही माणसाची कमाई नसून देवाची कृपा मानली जाते. मग ती कोणाला मिळते?

जॉन कॅल्व्हिन यांच्या मते, देवाने ही निवड सृष्टीच्या आधीच केली आहे, तीही कोणाचं पुण्य न पाहता. नेदरलँड्सचे याकोबस आर्मिनियस म्हणाले, कोण विश्वास ठेवेल हे देव आधीच जाणतो आणि त्यानुसार निवडतो. माणूस कृपा नाकारूही शकतो.

आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. १६१८-१९ मध्ये डॉर्ड्रेख्तच्या धर्मसभेने त्यांची मतं फेटाळली. त्यांच्या सुमारे २०० समर्थक धर्मोपदेशकांना पद गमवावं लागलं. पुढे मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली यांनी मात्र आर्मिनियस यांचीच बाजू घेतली.

कृपेबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे. वाद आहे तो माणसाच्या ‘नाही’ला किती वजन, याचा.